वसूल कर्जाची चौथाई

याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत, राजाकडून येणें साधलें असतां ऋणकोनें शेंकडा १० दंड व धनकोनें शेंकडा ५ राजभाग द्यावा असें आहे. पेशवाईंत सरकारमार्फत कर्ज उगवल्यास सावकारास चौथाई सोडावी लागे. शिवाय निवाड्याअंतीं जिंकणाराची हरकी आणि हरणाराची गुन्हेगारी असे. म्हणूनच ऋणकोच्या दारीं माणूस बसविण्याचा तगादा बोकाळला. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालांत त्याचें विस्तृत वर्णन आहे. जागतिक बँकेच्या २०२० च्या अहवालांत हिंदुस्थानांतील हा खर्च दाव्याच्या शेंकडा ३१ धरला आहे, म्हणजे चौथाईहूनहि अधिक! आमचे संग्राहक निवाडपत्रांतील वंशावळ हौसेनें उतरतात व हरकीची ओळ गाळतात. ती ओळ गेली कीं न्यायाचें मोल कळण्याचें साधनच जातें.