ठेक्यावर गप्प होणारा वूफर

गाणं हळू आवाजात चालू असतं तोवर सगळं ठीक. मग एखादा खोल ठोका येतो, डिकीतला वूफर एकदा दणकतो आणि गप्प होतो. दारांतले छोटे स्पीकर गातच राहतात. दोन-तीन सेकंदांनी बेस परत येतो, पुढच्या मोठ्या ठोक्याला पुन्हा जातो. गॅरेजमध्ये यावर निदान ठरलेलं: ‘अँप गेला.’ नवा अँप्लिफायर बसवला जातो आणि पुष्कळदा तोही तसाच वागू लागतो. कारण दोष असतो बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या वाटेत, आणि त्या वाटेनं मोठा प्रवाह वाहत नाही तोवर तो मीटरवर दिसत नाही.

अँप्लिफायरच्या आत एक संरक्षक सर्किट असतं. पुरवठ्याचं व्होल्टेज, स्पीकरकडे जाणारा प्रवाह, हीटसिंकचं तापमान आणि आउटपुटवर चुकून आलेला डीसी यांवर त्याची नजर असते. यातलं काहीही मर्यादेबाहेर गेलं की ते आउटपुट तोडतं. हिरवा दिवा लाल होतो. चारांपैकी नेमकं काय बिघडलं हे बहुतेक मॉडेल सांगत नाहीत. पण आवाज केव्हा जातो यावरून बरंच कळतं: ठोक्यावर, अर्ध्या तासानं, की खड्ड्यात गाडी आदळल्यावर.

ठोक्यावर जाणारा बेस सगळ्यात जास्त आढळतो. त्यासाठी आधी हे पाहायला हवं की बेसला एवढी वीज का लागते. आपला कान खोल सुरांच्या बाबतीत फार मंद आहे. बेल लॅबच्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलं. आजच्या प्रमाणित आलेखांनुसार 1000 हर्ट्झचा सूर 40 डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी 50 हर्ट्झच्या सुराला सुमारे 78 डेसिबल लागतात. ध्वनीच्या तीव्रतेत हा फरक हजारो पटींचा आहे. त्यात वूफर स्वतः कमालीचा उधळ्या: दिलेल्या विजेतली साधारण एक टक्का, पुष्कळदा त्याहून कमी, आवाज होऊन बाहेर पडते. बाकीची कॉइल तापवण्यात जाते.

आता हिशेब मांडू. खरोखर 500 वॅट देणारा क्लास-डी अँप्लिफायर 80 टक्के कार्यक्षम धरला, तर तो बॅटरीकडून 625 वॅट मागतो. इंजिन चालू असताना गाडीत 13.8 व्होल्टच्या आसपास असतात, म्हणजे प्रवाह झाला 45 अँपिअर. दोन्ही हॅलोजन हेडलाइट मिळून 9 अँपिअरच्या घरात घेतात. तेव्हा ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावत असतील, तर त्यात नवल नाही.

(खोक्यावर ‘1200 वॅट’ छापलेली बेसट्यूब घेतली असेल तर खोका बाजूला ठेवा आणि तिच्यावरचा फ्यूज वाचा. 20 अँपिअरचा फ्यूज असेल तर 14 व्होल्टला ती सलगपणे 280 वॅट आत घेऊ शकते. बाहेर त्याहूनही कमी येणार. उरलेले वॅट छापखान्यात तयार झालेले असतात.)

हे 45 अँपिअर बोनेटखालच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत पाचेक मीटर धावतात. वायर तांब्याची, 4 चौरस मिलिमीटर छेदाची असेल तर तिचा रोध 0.021 ओहम. आकडा क्षुल्लक वाटतो, पण 45 नं गुणला की जवळजवळ 1 व्होल्ट वाटेतच गेला. बाजारात स्वस्त मिळणारी बरीचशी ‘पॉवर केबल’ आतून ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या 60 टक्के, त्यामुळे त्याच जाडीत सुमारे दीड व्होल्ट जातो. उलट 20 चौरस मिलिमीटरची खरी तांब्याची वायर टाकली तर नुकसान 0.2 व्होल्टवर येतं.

वायरपेक्षा मोठा गुन्हेगार मात्र अर्थिंग. अँप्लिफायरचा निगेटिव्ह डिकीतल्या पत्र्याला बोल्टनं आवळलेला असतो आणि परतीचा सगळा प्रवाह गाडीच्या सांगाड्यातून जातो. वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीखालचा, म्हणजे थिंबलखालचा, रंग खरवडलेला नसेल, किंवा दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरला असेल, तर त्या एका जोडात 0.03 ओहम सहज साठतात. 45 अँपिअरला तिथे 1.35 व्होल्ट पडतात आणि जोडात 60 वॅट उष्णता तयार होते. म्हणून दहा मिनिटं मोठ्यानं वाजवून झाल्यावर गाणं बंद करून थिंबल आणि फ्यूज होल्डर जपून चाचपून पाहावेत. गरम लागला तो जोड खराब. फ्यूज होल्डरचं प्लॅस्टिक पिवळं पडलं किंवा वितळलं असेल तर चाचपण्याचीही गरज नाही.

इंजिन बंद असेल तर बॅटरी 12.3 व्होल्टवर असते आणि एवढा भार आला की स्वतःच अर्धा व्होल्ट खाली बसते. त्यातून वायरचा एक आणि अर्थिंगचे सव्वा-दीड वजा केले की अँप्लिफायरच्या हातात साडेनऊच्या आसपास उरतात. बहुतेक अँप्लिफायर 10 व्होल्टच्या जवळपास मान टाकतात. आउटपुट तुटलं की प्रवाह शून्य होतो, प्रवाह शून्य झाला की वाटेतली घटही शून्य, व्होल्टेज परत 12 वर आणि अँप्लिफायर पुन्हा सुरू. पुढचा ठोका येईपर्यंत.

वायरमन मीटर लावून ‘बारा व्होल्ट आहेत, लाइन ओके’ असं सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचा नळ बंद असेल, तर पाइप गंजानं निम्मा बुजलेला असला तरी नळापाशी दाब पुरा भरतो. नळ सोडल्यावरच धार करंगळीएवढी येते. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे गाणं बंद असताना घेतलेलं माप बंद नळाचं माप असतं. मोजायचं ते वाजत असताना. गाण्यातले ठोके साध्या मीटरला पकडता येत नाहीत, म्हणून फोनवरून 50 हर्ट्झचा सलग सूर मध्यम आवाजात काही सेकंद वाजवावा. मीटरचं एक टोक अँप्लिफायरच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं लांब वायरनं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. आकडा अर्ध्या व्होल्टवर गेला तर अर्थिंग सोडून दुसरीकडे पाहूच नये. मग पॉझिटिव्ह बाजूचंही तसंच: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अँप्लिफायरच्या पॉझिटिव्हपर्यंत.

उपाय म्हणून दुकानात 1 फॅरडचा कपॅसिटर सुचवला जातो. त्यावर निळे आकडे चमकतात, दिसतो झकास. 14 व्होल्टवरून 12 वर येईपर्यंत त्यातून 26 जूल ऊर्जा मिळते. 625 वॅटची मागणी त्यावर 0.04 सेकंद भागते, म्हणजे 50 हर्ट्झच्या सुराची दोन आवर्तनं. मग तो पुन्हा भरायचा त्याच गंजलेल्या वाटेनं. त्या पैशात जाड वायर आणि नवे थिंबल येतात.

अर्ध्या तासानं बंद होऊन गार झाल्यावर आपोआप सुरू होणारा अँप्लिफायर तापलेला असतो. सीटखाली गालिच्यात गुंडाळलेला, किंवा नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत असलेला अँप्लिफायर उष्णता टाकणार कुठे? पण जागा मोकळी असूनही तापत असेल तर स्पीकरची जोडणी पाहावी. 4 ओहमच्या दोन कॉइल असलेला वूफर एकसर जोडला तर 8 ओहम, समांतर जोडला तर 2. ब्रिज केलेला, म्हणजे दोन चॅनेल एकत्र जोडलेला, अँप्लिफायर 4 ओहमसाठी बनलेला असताना त्याला 2 ओहम दिले की प्रवाह दुप्पट व्हायला निघतो आणि संरक्षक सर्किट मध्ये पडतं. मीटरवर 4 ओहमची कॉइल साडेतीनच्या आसपास दाखवते, ते बरोबर आहे. मीटर डीसी रोध मोजतो.

खड्ड्यात जाणाऱ्या आवाजाचं कारण बहुधा सैल थिंबल किंवा आरसीएची, म्हणजे डेककडून (गाडीच्या स्टिरिओकडून) गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या केबलची, ढिली पिन. एक जागा हमखास सुटते: वूफरच्या टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी विणलेली लवचीक तार. कोनबरोबर लाखो वेळा हलून ती आतून तुटते आणि कोन एका विशिष्ट ठिकाणी आला की संपर्क जातो. मीटर टर्मिनलला लावून कोन दोन्ही हातांनी हळूच दाबला की आकडा उड्या मारतो. यात दिवा मात्र हिरवाच राहतो.

रेडिओवर बेस चालतो, पण ब्लूटूथवर गेलं की अँप्लिफायरच बंद, अशीही एक जात आहे. तिथे अँप्लिफायरला सुरू होण्याचा इशारा देणारी रिमोटची वायर डेकच्या निळ्या-पांढऱ्याऐवजी निळ्या, म्हणजे अँटेनाच्या वायरला जोडलेली असते. बऱ्याच डेकमध्ये त्या वायरला रेडिओ चालू असेपर्यंतच 12 व्होल्ट मिळतात.

कुठलाही जोड सोडण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत असावा, कारण बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा असुरक्षित असतो. तो पत्र्याला घासला तर शेकडो अँपिअर वाहून वायर पेटते. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालणं म्हणजे हाच धोका पूर्ण वायरभर पसरवणं.

सगळे जोड नीट करूनही दिवा लालच राहिला, तर स्पीकर आणि आरसीए काढून फक्त पॉझिटिव्ह, अर्थ आणि रिमोट ठेवून अँप्लिफायर सुरू करावा. दिवा हिरवा झाला तर एकेक वायर परत लावत गेलं की दोषी सापडते. तरीही लालच असेल तर बहुधा आतले मॉस्फेट (पॉवर ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेले असतात, आणि मग पेटी उघडून दुरुस्तीच्या टेबलावरच ठेवावी लागते.