स्वसंवादाचे व्याकरण

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर चिंचपोकळी, लालबाग, परळ भागांतील अनेक कामगार कुटुंबांना भाजीविक्री व फेरीच्या धंद्याचा आधार घ्यावा लागला. गिरणीत हाताचे कसब पुरे. विक्रीत नकारही पचवावा लागतो. आपणांपैकी जे विक्रीक्षेत्रात आहेत, त्यांना हे नव्याने सांगावयास नको.

नकारानंतर मनात उमटणारे वाक्य तपासा. 'मला विकता येत नाही' यातील वर्तमानकाळ एका प्रसंगाला कायमचा स्वभाव ठरवितो. 'आज या ग्राहकाने माल घेतला नाही' यातील भूतकाळ घटनेला तिच्या मर्यादेत ठेवतो. मार्टिन सेलिगमन व पीटर शुलमन यांच्या 1986 च्या अभ्यासात, अपयशाची कारणे कायमची व सर्वव्यापी मानणारे आयुर्विमा विक्रेते कमी विक्री करतात व नोकरीही लवकर सोडतात, असे आढळले.

म्हणून वाक्यात वेळ, ग्राहक व कारण नेमके मांडावे. उणीव आपली असल्यास तीही लपवू नये. 'मी भाव सांगितला, उपयोग सांगितला नाही' ही चूक उद्या सुधारता येते. 'मी नालायक आहे' यात सुधारण्याजोगे काही उरतच नाही.

स्वाध्याय : आज मनात आलेले असे एक वाक्य लिहून, वरील कसोटीवर त्याची पुनर्रचना करा.