वाद्याचे रूप आणि वाद्याचा नाद



चित्रकाराने काढलेला डोंगर, तळे किंवा वनराई वाद्यात उतरविता येईल काय, असा प्रश्न कोणी केला तर तो प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. चित्र हा डोळ्यांचा विषय आणि वाद्य हा कानांचा. परंतु असा प्रयत्न एका दूर देशात प्रत्यक्ष झालेला आहे, आणि त्याचा विचार करू लागले म्हणजे आपल्या महाराष्ट्रातील एका जुन्या कारागिरीकडे नव्याने पाहण्याची दृष्टी येते. म्हणून आज त्या दोहोंविषयी चार शब्द सांगावयाचे योजिले आहे.

कॅनडा देशात १९२० साली सात चित्रकारांनी एक मंडळ स्थापन केले. ते ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या नावाने प्रसिद्ध आहे. युरोपातील चित्रांचे अनुकरण पुरे झाले, आपल्या देशातील हिमाच्छादित शिखरे, सरोवरे आणि वाऱ्याने वाकलेले वृक्ष यांचीच चित्रे आपण काढावी, असा त्यांचा बाणा होता. या मंडळास ज्याच्या चित्रांपासून स्फूर्ती मिळाली तो टॉम टॉमसन हा चित्रकार मंडळ स्थापन होण्यापूर्वीच, १९१७ साली, एका सरोवरात बुडून वारला होता. पुढे शंभर वर्षांनी त्याच देशातील गिटार तयार करणारे सात कारागीर एकत्र आले. लिंडा मॅन्झर या बाईंची ती कल्पना. या सातांपैकी ज्याँ लारिव्हे हे वडीलधारे, आणि इतरांनी पूर्वी त्यांच्या हाताखाली काम केलेले. प्रत्येकाने एकेक चित्रकार घेतला आणि त्याच्या चित्रांचे मनन करून एकेक गिटार हाताने घडविली. मॅन्झरबाईंनी लॉरेन हॅरिस हा हिमशिखरांचा चित्रकार निवडला. आठवी गिटार सातांनी मिळून टॉमसनच्या स्मरणार्थ केली. २०१७ साली ऑंटारियो प्रांतातील मॅकमायकेल चित्रसंग्रहालयात ही वाद्ये मांडण्यात आली.

आता येथे कारागिरापुढे जी अडचण उभी राहते ती समजून घेतली पाहिजे. गिटारीचा आवाज मुख्यतः तिच्या दर्शनी फळीतून निघतो. ही फळी बहुधा स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची असून तिची जाडी अवघी अडीच-तीन मिलिमीटर असते. तारेचे कंपन घोडीवाटे या फळीस मिळते, फळी थरथरते, आणि ती हवेस हालविते. तार स्वतः इतकी बारीक असते की तिच्या एकटीच्या हालण्याने खोलीभर आवाज होणे शक्य नाही. तेव्हा या फळीवर रंगाचे जाड थर चढविले किंवा जडावाचे काम गच्च भरले, तर ती जड होते आणि आवाज दबतो. म्हणून चित्राला जागा द्यावयाची ती बाजूंना, पाठीला, दांडीला आणि शिराला. मुख्य फळीस शक्य तितके मोकळे ठेवावे लागते. सारांश, ज्या भागातून नाद निघतो तेथे शोभेने हात आखडता घ्यावा, असा या विद्येचा नियम आहे.

हा नियम आपल्याकडील कारागिरांस दीडशेहून अधिक वर्षे ठाऊक आहे. मिरजेचा तंबोरा पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, संस्थानिकांच्या शस्त्रागारांचे महत्त्व उतरणीस लागले तेव्हा, शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी वाद्ये दुरुस्त करण्याचे व पुढे नवी घडविण्याचे काम हाती घेतले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा संगीतास आश्रय होताच. पुढे खाँसाहेब अब्दुल करीमखाँ मिरजेत राहू लागले. ते स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत निष्णात होते. अशा कानाचा गवई शेजारी असला म्हणजे कारागिराचा हात आपोआप सुधारतो. खाँसाहेबांचे १९३७ साली निधन झाले आणि त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच आहे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही या परंपरेला मिळालेली अलीकडची राजमान्यता होय.

तंबोऱ्याच्या ठायी भूमीचा संबंध चित्राच्या द्वारे येत नाही, तो प्रत्यक्ष देहाच्या द्वारे येतो. त्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकाठच्या शेतांतून. हा खाण्याचा भोपळा नव्हे. हा कडू आणि टणक सालीचा असून तो वेलीवरच पुरता पिकू देतात व नंतर वाळवितात. कारागीर तो कापतो, पाण्यात भिजवून मऊ करतो, आतून काड्यांचा ताण देऊन त्याच्या तोंडास हवा तो आकार आणतो, आणि पुन्हा सुकवितो. मग त्यास लाकडाचा गळा व लांब दांडी जोडावयाची, आणि तोंडावर तबली, म्हणजे किंचित फुगीर अशी पातळ फळी, बसवावयाची. दांडीसाठी व तबलीसाठी तून हे तांबूस, हलके लाकूड पसंत करतात. दोन भोपळे कधी सारखे नसतात, म्हणून दोन तंबोरेही कधी तंतोतंत सारखे होत नाहीत.

यानंतर शोभेचे काम येते. भोपळ्याच्या खांद्यावर कोरलेली पाने बसवितात. तबलीच्या कडेने व दांडीच्या काठाने पांढऱ्या पट्ट्या लावून त्यांवर वेलबुट्टी कोरतात व कोरीव रेघांत काळा रंग भरतात. शेवटी लाखेचे पॉलिश चढवितात. येथेही तबलीचा मधला भाग बहुतांशी मोकळाच असतो, हे लक्षात घ्यावे. सारी वेल काठाकाठानेच फिरते.

परंतु तंबोऱ्याचा प्राण जवारीत आहे. घोडीचा माथा सपाट नसून त्यास अत्यंत सूक्ष्म उतार दिलेला असतो, त्यामुळे तार थरथरताना त्या उतारास पुनःपुन्हा स्पर्श करते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून हा स्पर्श नेमका साधतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात याचे शास्त्रीय विवेचन आहे. तार ज्या बिंदूवर छेडली, तेथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू येतो तो उपस्वर निघू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोऱ्याच्या तारेतून मात्र तोही ऐकू येतो, असे रामन यांनी दाखविले. चार तारांतून जो भरीव, तेजस्वी नाद निघतो त्याचे मर्म हे आहे. हा उतार कानसेने घासून आणणारा माणूस तयार व्हावयास वर्षे लागतात.

आता मिरजेपासून जवळच, पन्नास किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर आहे. तेथे आबालाल रहिमान या चित्रकाराने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतल्यावर रंकाळा, कोटीतीर्थ आणि आसपासच्या परिसराची अत्यंत तरल अशी निसर्गचित्रे काढली. शाहू महाराजांचा त्यांस आश्रय होता. ते १९३१ साली वारले. एकाच काळी एका गावी पाण्यावरचा प्रकाश रंगवीत बसलेला चित्रकार आणि शेजारच्या गावी जवारी काढीत बसलेला कारागीर, असे हे दृश्य आहे. तरीही रंकाळ्याचे दृश्य तंबोऱ्यावर आले नाही. तंबोऱ्याची वेलबुट्टी ठराविकच राहिली. कॅनडातील कारागिरांनी जे केले ते आपल्याकडे करून पाहण्यास कोणती हरकत आहे? दांडीची पाठ आहे, शिराचा भाग आहे, भोपळ्यावरील पाने आहेत. तबलीला धक्का न लावता कोटीतीर्थाची एक रेषा तेथे सहज मावेल.

मात्र यात एक धोका आहे आणि तोच आज मला मुख्यत्वे सांगावयाचा आहे. शोभा डोळ्यांस तत्काळ दिसते, जवारी ऐकावयास कान तयार असावा लागतो. गिऱ्हाईक केवळ नक्षी पाहून पैसे मोजू लागले, तर कारागीर नक्षीच अधिक करील आणि जवारीवर बसणारा म्हातारा हात बेकार होईल. तिकडे विजेवरचा तंबोरा स्वस्तात मिळतो. भोपळ्यास भाव आला नाही तर भीमाकाठचा शेतकरी ऊस लावील. मग मानांकनाचा कागद राहील आणि विद्या जाईल.

ही भीती केवळ शहरी मैफलींपुरती नाही. नर्सी नामदेव ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावी सप्ताह बसतो तेव्हा वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. पहारेकरी बदलतात, वीणा हातोहात फिरते. अशा वीणेला सौंदर्य हवेच, परंतु तिची खुंटी घट्ट बसली पाहिजे आणि तार सुरात राहिली पाहिजे. ती मोडली तर दुरुस्त करणारा कोणी जिवंत पाहिजे.

म्हणून ज्यांच्या घरी तंबोरा आहे किंवा घ्यावयाचा आहे त्यांस इतकेच सुचवितो. घेताना प्रथम डोळे मिटून ऐका, नक्षी मागाहून पाहा. चारही तारा सारख्या खुलतात काय, खुंटी फिरवून सोडली तर मागे सरते काय, एवढे तपासा. वाद्य उन्हात किंवा ओलसर भिंतीशी ठेवू नका. तारेने घोडीवर बारीक चरे पडून नाद बसला म्हणजे वाद्य जुने झाले असे समजू नका. जाणत्या कारागिराकडून जवारी पुन्हा काढवून घ्या, आणि त्या कामाचा मोबदला नक्षीच्या कामाइतकाच मोकळ्या मनाने द्या. चित्राने वाद्य जरूर नटावे. पण ते नटणे टिकावयाचे असेल, तर आधी त्यातील नाद राखणाऱ्या माणसाचा संसार चालला पाहिजे.