पाऊस मोजणाऱ्यांचा मुशाहिरा

ज्या जिल्ह्याच्या पश्चिमेस घाटघर-रतनवाडीच्या माथ्यावर पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही, आणि ज्याच्या पूर्वेस पाथर्डी-जामखेडच्या माळांवर मृग कोरडा गेल्याची हाकाटी वरचेवर तहसील कचेरीपर्यंत पोहोचते, त्या अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर, जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि हवामानबदलाला तोंड देण्यासाठी किनाऱ्यावरच्या तरुणांना विद्यावेतन देऊन त्यांच्याच गावात कामास लावावे, ही जी कल्पना अलीकडे देशोदेशी मांडली जाते, तिच्याशी या जिल्ह्याचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. कोकणासह आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी हरित हवामान निधीने 2018 साली मोठा प्रकल्प मंजूर केला. कांदळवनांचे संवर्धन आणि त्यावर पोसणारी खेकडापालनासारखी उपजीविका हा त्याचा गाभा. अशा कामाची नोंद ठेवायला, लोकांना समजावायला, बिघडले तर कळवायला गावातच कोणीतरी बांधलेला माणूस लागतो, आणि त्याला पोट असते. घाटाच्या अलीकडे, कोरड्या मुलखात, हाच अनुभव लोकांनी आधीच घेतलेला आहे.

या जिल्ह्याची कीर्ती श्रमदानाची. 1975 पासून राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी आणि 1989 नंतर हिवरे बाजारात पोपटराव पवार यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान यांच्या बळावर जे उभे केले, त्याची थोरवी वादातीत आहे. पण त्या थोरवीमुळेच गावाच्या कामाचा पैसा घेणे हे काहीसे कमीपणाचे, अशी एक समजूतही जिल्ह्यात रुजली. चर खणणे, बांध घालणे ही कामे उत्साहाच्या भरात होतात, किंवा मजुरीवर होतात: 1972 च्या दुष्काळातून जन्मलेल्या आणि 1977 च्या कायद्याने हक्क ठरलेल्या रोजगार हमीने मातीच्या घनमीटराला दाम दिला. पावसाच्या आणि विहिरीच्या नोंदीला मात्र ना श्रमदानाचा उत्साह पुरतो, ना मजुरीच्या हजेरीपत्रकात तिला रकाना सापडतो.

हे काम दिसते तितके क्षुल्लक नाही. सकाळी साडेआठ ही पाऊस मोजण्याची वेधशाळेने ठरवलेली वेळ. त्या वेळी पर्जन्यमापकातले पाणी मापनळीत ओतायचे, डोळा पाण्याच्या पातळीला आणून मिलिमीटर वाचायचे, वहीत तारखेसमोर आकडा मांडायचा, आणि पाऊस पडला नाही त्या दिवशी न चुकता शून्य लिहायचे. या शून्याचे मोल फार, कारण रकाना कोराच राहिला तर पाऊस आला नाही की माणूस आला नाही, हे पुढे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मग त्या वहीतून गणित सुरू होते. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी; हिवरे बाजारची शीव सुमारे 975 हेक्टरांची, तेव्हा तेथे 100 मिलिमीटर पाऊस झाला तर शिवारावर साडेसत्त्याण्णव कोटी लिटरांच्या आसपास पाणी उतरते. त्यातले वाहून किती गेले, वाफ किती झाली, मुरले किती, हे वजा घालायचे; उरल्यात आधी माणसांचे आणि जनावरांचे पिणे राखायचे; आणि मग रब्बीला कोणते पीक किती क्षेत्रावर, हे ग्रामसभेने ठरवायचे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या साहाय्याने हा पाण्याचा ताळेबंद तेथे 2004 पासून मांडला जातो. ऊस-केळीला आणि शेतीसाठीच्या कूपनलिकांना त्या गावाने दिलेला नकार याच गणितावर टिकून आहे.

सरकारी दफ्तरात आकडे नाहीत असे नव्हे. राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, आणि भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून साधारण चार वेळा घेते. परंतु एका मंडळात अनेक गावे येतात, आणि वळवाचा पाऊस ओढ्याच्या अलीकडे कोसळून पलीकडे धूळ उडवीत ठेवतो, हे ज्याने शेत केले त्याला सांगावे लागत नाही.

ही फट भरण्याची युक्ती जिल्ह्यातच निघाली. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह 1993 साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, लोकांच्या तोंडी 'वॉटर', ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी तिच्या पाणलोट कामामुळे नावारूपास आले. पुढे अकोले-संगमनेर-पारनेर भागात, नाबार्ड आणि स्विस सरकारच्या साहाय्याने, हवामानबदलाशी जुळवून घेण्याचे काम तिने हाती घेतले तेव्हा गावातल्याच तरुण-तरुणींना शिकवून 'वसुंधरा सेवक' म्हणून मानधनावर नेमले. हवामान केंद्राकडे लक्ष ठेवणे, पीकसल्ला गावाच्या फळ्यावर लिहिणे, ताळेबंदाच्या बैठकीला लोक गोळा करणे, अशी त्यांची कामे.

शासनानेही पाठ्यवृत्त्या काढल्या: 2015 साली मुख्यमंत्री फेलोशिप, आणि पाठोपाठ खेड्यांत राहून काम करणारे ग्रामपरिवर्तक. त्यांतल्या हुशार तरुणांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते, की बाहेरून आलेला पदवीधर मुदत संपताच आपली वही घेऊन निघून जातो, आणि पावसाच्या नोंदीला तर वीस-तीस वर्षांच्या सलगतेखेरीज अर्थ येत नाही. जुन्या लोकांनी हे ओळखले होते. धुळे-नाशिककडच्या फड सिंचन पद्धतीत पाणी वाटणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या यांना शेतकरी पिकातून धान्य देत. पाटकऱ्याने धर्मार्थ पाणी वाटावे असे कोणी म्हटले नाही, आणि म्हणूनच ती व्यवस्था शतकानुशतके चालली.

अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले जे तेरा जिल्हे आले त्यांत हा जिल्हा आहे, आणि गावोगाव ताळेबंद मांडणे ही त्या योजनेची अटच आहे. योजनांना मुदत असते. ती संपली की प्रशिक्षित माणूस ऊसतोडीच्या टोळीबरोबर किंवा चाकणच्या कारखान्यात जातो, आणि फळ्यावर गेल्या हंगामाचा सल्ला तसाच राहतो. आरोग्य खात्याने गावातल्याच आशा सेविकेला मोबदला देऊन, तो अपुरा असला तरी, घरोघरची नोंद टिकवली. पाण्याच्या बाबतीत तशी कायम सोय अद्याप झालेली नाही. ज्या वाचकांचे नाव एखाद्या गावच्या मतदारयादीत असेल, त्यांनी येत्या ग्रामसभेला जाऊन आपल्या गावचा पाऊस कोण मोजतो आणि त्याचे मानधन कोणत्या शीर्षाखाली पडते, हे दोन प्रश्न विचारावेत, आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत.