खाणकामगारांवरील डिझेल धूर अभ्यास

खाणकामगारांवरील डिझेल धूर अभ्यास हे कामाच्या जागी श्वासावाटे शरीरात जाणारा डिझेलचा धूर आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध तपासणारे अमेरिकेतील संशोधन होय. तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याविषयी संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था यांनी ते केले. आठ खाणींतील १२,३१५ कामगारांचा त्यात समावेश होता.

पार्श्वभूमी

डिझेलच्या काजळीचे बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही लहान असतात. त्यांवर कर्करोगजनक हायड्रोकार्बन संयुगे चिकटलेली असतात आणि ती कणांबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली या धुराला ‘बहुधा कर्करोगजनक’ ठरविले होते. ‘बहुधा’ हा शब्द काढता येत नव्हता, कारण रेल्वे कामगार व ट्रकचालकांमध्ये धोका आढळला तरी कोणी किती धूर घेतला याची जुनी मोजमापे अपुरी होती. शिवाय धूम्रपानाचा परिणाम वेगळा काढणे अवघड होते.

पद्धत

या अभ्यासासाठी चुनखडी, पोटॅश, मीठ व ट्रोना (सोडा ॲशचे खनिज) यांच्या खाणी मुद्दाम निवडण्यात आल्या. रेडॉन, सिलिका व ॲस्बेस्टॉस हीदेखील कर्करोगाची कारणे आहेत आणि या खाणींत त्यांचे प्रमाण कमी होते. डिझेलवर चालणारी यंत्रे तेथे १९४७ ते १९६७ या काळात आली. आधीच्या वर्षांतील धुराचा अंदाज बांधण्यासाठी नव्या मोजण्यांना कार्बन मोनॉक्साइडच्या जुन्या नोंदींची जोड देण्यात आली. फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या १९८ कामगारांची तुलना त्याच खाणींतील इतर ५६२ कामगारांशी करण्यात आली. मृतांच्या धूम्रपानाची माहिती त्यांच्या नातलगांकडून घेतली गेली.

निष्कर्ष

सर्वाधिक धूर घेतलेल्या कामगारांत या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका सर्वांत कमी धूर घेतलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. कधीही धूम्रपान न केलेल्यांत तो सुमारे सातपट होता. ही दुसरी तुलना थोड्याच रुग्णांवर आधारलेली असल्याने सातपट हा आकडा जपून वापरावा लागतो. मात्र रोगाचा सारा दोष तंबाखूवर टाकता येत नाही, हे तिच्यावरून दिसते.

प्रकाशन व परिणाम

खाण कंपन्यांच्या एका गटाने न्यायालयात धाव घेतल्याने अभ्यासाचे प्रकाशन लांबले. तो अखेर मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने डिझेल धुराचा समावेश मानवी कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात केला.

वायुवीजन, धुराच्या नळीवरील गाळण्या व विजेवरील यंत्रे हे धूर कमी करण्याचे प्रमुख उपाय आहेत. युरोपीय संघाने कामाच्या जागेसाठी हवेच्या प्रति घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम मूलद्रव्यी कार्बन, म्हणजे काजळीचा गाभा, अशी मर्यादा घातली. ती फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली. धूर सर्वाधिक साचतो त्या भूमिगत खाणी व बोगद्यांच्या कामांना मात्र फेब्रुवारी २०२६ पर्यंत मुदत देण्यात आली.