अडचणीतून घडलेल्या मोटारी

विसाव्या शतकातल्या विलक्षण मोटारींचा विषय निघाला की मराठवाड्यातल्या वाचकाला आधी आठवते ती निजामाची रोल्स-रॉईस. औसा, लातूर, नांदेड हा सारा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागवलेल्या त्या पिवळ्या गाडीत मागची बैठक सिंहासनासारखी उंच होती आणि छतही त्याच मानाने उंचावलेले होते. १९११ मध्ये, गाडी पोचण्याआधीच, ते वारले. पुढे ती फार थोडी धावली. कलकत्त्यात १९१० मध्ये आलेली हंसाच्या आकाराची मोटार हाही त्याच जातीचा नमुना. अशा गाड्यांची कारागिरी थक्क करते, पण मोटार कशी असावी या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यात सापडत नाही. ते उत्तर ज्या गाड्यांनी शोधले, त्या पैशाच्या, पोलादाच्या आणि पेट्रोलच्या टंचाईतून जन्मल्या. विलक्षण मोटारींच्या इतिहासात पहिला मान त्यांचा आहे.

फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीत पिएर बुलांजे यांनी अभियंत्यांपुढे ठेवलेली अट पाहावी: दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे खराब रस्त्याने नेता आले पाहिजेत. त्यातून १९४८ मध्ये ३७५ सीसीच्या इंजिनाची, लांब हेलकावे घेणारी टू-सीव्ही लोकांसमोर आली. इटलीच्या इसो कंपनीने १९५३ मध्ये आणलेल्या इझेटाला एकच दार, तेही पुढच्या बाजूला. दाराबरोबर स्टिअरिंगही बाहेर झुकत असे. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या बीएमडब्ल्यूने १९५५ पासून तिच्या दीड लाखाहून अधिक गाड्या बनवल्या. पूर्व जर्मनीत पोलादाची चणचण होती, म्हणून ट्रॅबंटचे बाह्यांग कापसाचे टाकाऊ तंतू आणि राळ दाबून घडवले गेले. ज्या प्रदेशाचे अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या कापसाने हलवले, तिथल्या वाचकाने या गाडीला हसण्याआधी त्या कल्पकतेकडे नीट पाहावे.

महाराष्ट्रातही अशी गाडी घडली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’चा पहिला नमुना तयार केला आणि सत्तरच्या दशकापर्यंत ते तिच्यात सुधारणा करत राहिले. इंजिन मागे, सस्पेन्शन रबराचे, किंमत सुमारे बारा हजार रुपयांत बसवण्याचा हिशेब. पुण्याच्या बजाज टेम्पोने जर्मन सहकार्याने आणलेला तीनचाकी हॅन्सियाट हाही त्याच विचाराचा: पुढे एक चाक, मागे भरपूर माल, आणि चालवणाऱ्याला झेपेल असा खर्च.

यावर पहिला आक्षेप असा, की हे फसलेले प्रयोग आहेत. पण टू-सीव्ही १९९० पर्यंत बनत राहिली आणि ट्रॅबंटची संख्या तीस लाखांवर गेली. मीरा कारखान्यापर्यंत पोचली नाही हे खरे. मात्र परवान्यांच्या त्या काळात एकट्या माणसाला उत्पादनाची वाट मोकळी नव्हती, म्हणून तिच्या अपयशाचे खापर आराखड्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या गाड्या आजच्या कसोटीवर असुरक्षित होत्या, आणि ट्रॅबंटचे टू-स्ट्रोक इंजिन धूर ओकत असे. हे मान्यच केले पाहिजे. त्या पुन्हा रस्त्यावर आणाव्यात असे कोणी म्हणत नाही. कमी साधनांत गरज कशी भागवायची हा त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या काळात पुन्हा आपल्यापुढे उभा आहे.

म्हणून जतनाचा निकष बदलायला हवा. जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत मान मिळतो तो चकाकीला आणि राजघराण्याच्या नावाला. लातूर-नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी भंगारात निघालेल्या तीनचाकींची मोजमापे घेऊन आराखडे करावेत, त्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडून त्यांच्या खुब्या लिहून घ्याव्यात. सिंहासनाच्या गाडीला वारस मिळतात. गरिबाच्या गाडीची नोंद समाजाने ठरवून ठेवली, तरच राहते.