मीटर मोजायचे की वर्षं?

मालवणजवळ देवबागला एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरं, माड आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. इथं पावसाळ्यात उधाण आलं की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी ठरलेली. रत्नागिरीजवळच्या मिऱ्यातही तेच. बंधाऱ्याचा दगड, निधी, ठेकेदार यांवर आपण तावातावानं बोलतो. घर मुळात समुद्रापासून किती लांब हवं, हा प्रश्न मागे राहतो.

तो सरकारी पातळीवर ठामपणे मांडला इंदिरा गांधींनी. भरतीच्या कमाल पाण्यापासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा, असं त्यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळवलं. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ला किनारी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ‘ना विकास क्षेत्र’ ठरलं. २०१९ च्या अधिसूचनेनं, जिथं लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त आहे, तिथं ते ५० मीटरवर आणलं.

वाद झाला तो या दोनशे-पन्नासवर. खरी गफलत आकड्यात नाही, मापात आहे. किनारा धुपतो तेव्हा भरतीरेषा आत सरकते, घर मात्र जागचं हलत नाही. वर्षाला दोन मीटर जमीन जात असेल तर पन्नास मीटरचं अंतर पंचवीस वर्षांत संपतं. पुळण स्थिर असेल तर तेच अंतर पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. नियम दोघांना एकच. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ च्या अभ्यासात देशाचा सुमारे एकतृतीयांश आणि महाराष्ट्राचा सुमारे एकचतुर्थांश किनारा धुपत असल्याचं दिसलं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यानं १९७९ मध्येच वेगळं माप घेतलं. तिथं अंतर मोजतात ते किनाऱ्यावर कायम तगून राहिलेल्या झाडोऱ्याच्या पहिल्या ओळीपासून. त्या भागात वर्षाला सरासरी जितके फूट जमीन जाते, त्याच्या तीसपट अंतर पाच हजार चौरस फुटांच्या आतल्या घराला सोडावं लागतं. किमान साठ फूट. इमारत मोठी, तर पट वाढते. म्हणजे मालकाला निदान तीस वर्षांचा अवधी मिळतो. अमेरिकेत घरकर्जही सहसा तीस वर्षांचंच असतं!

तरीही तिथल्या रोडँथी गावात २०२० पासून घरं लाटांत कोसळत आहेत. नियम नव्या बांधकामाला लागतो. पूर्वी ऐसपैस जागा सोडून बांधलेल्या घरांपाशी समुद्र आता पोचला. त्याच किनाऱ्यावरचं केप हॅटरसचं १८७० चं दीपगृह सरकारनं १९९९ मध्ये उचलून २९०० फूट मागे नेलं. घरमालकांना असा खर्च कुठून परवडणार?

आपल्याकडेही धुपीचा हिशेब कायद्यात शिरला होता. लाटा, भरती, समुद्रपातळीतली वाढ आणि किनाऱ्याची हालचाल धरून ‘धोका रेषा’ आखावी, असं २०११ च्या अधिसूचनेत होतं. २०१९ मध्ये ती रेषा आपत्ती व्यवस्थापनाचं साधन म्हणून उरली. बांधकामाच्या परवानगीशी तिचा संबंध तुटला. दोनशेचे पन्नास झाले, त्याहून हे मोठं नुकसान आहे.

तेव्हा किनाऱ्यालगत जागा घेणाऱ्यांनी सीआरझेडच्या नकाशावर थांबू नये. तीस वर्षांपूर्वी भरतीचं पाणी कुठवर यायचं, हे गावातल्या जुन्या रापणकर मच्छीमारांना विचारावं आणि ते अंतर स्वतः मोजून मगच सौदा करावा.